‘स्टोअरवाल्याचा हलगर्जीपणा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

साहेब, मी बाण-गोलांच्या आकृत्या काढून लिहिलं होतं, की माल कधी संपतो, कधी साठतो, त्यात दोष एका माणसाचा नसतो, ऑर्डर आणि साठ्याच्या नियमांचा असतो. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. आधी तुम्ही दाखवलेली चूक. बिअर गेम, म्हणजे दुकानापासून कारखान्यापर्यंत बिअरच्या ऑर्डरी देत खेळायचा शिकवणीचा खेळ, नव्वदच्या दशकातला आहे असं मी लिहिलं होतं. तो एमआयटी या अमेरिकी विद्यापीठात १९६० च्या सुमारास तयार झाला. दुरुस्त केलं, आभार.

आता तुमचं वाक्य. “एसीत बसून बाण-गोल काढणाऱ्यांना शॉपफ्लोर काय कळणार, माल संपला तर तो सरळ स्टोअरवाल्याचा हलगर्जीपणा.” मतभेद मला चालतात. हा सूर चालत नाही. समोरचा कोण, कुठून आलाय, याची चौकशी तरी करायची!

भोसरीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी अकरा वर्षं काढली. एकदा एम-आठचे वॉशर संपले, लाइन दोन तास उभी राहिली आणि स्टोअरवाल्याला मेमो मिळाला. घाबरून त्याने दुप्पट इंडेंट, म्हणजे खरेदीची मागणी, टाकला. पुरवठादाराला लागायचे तीन आठवडे. दुसऱ्या आठवड्यात बिन (वॉशरचा खण) रिकामा दिसला म्हणून पुन्हा इंडेंट, वर पर्चेसनेही आपल्या अंदाजाने थोडं वाढवलं. मग सगळं एकदम आलं. रॅक भरले, उरलेली पोती सायकल स्टँडमध्ये. लगेच ‘स्टॉक जास्त’ म्हणून दुसरा मेमो. खरेदी बंद. आणि चार महिन्यांनी पुन्हा शॉर्टेज.

त्या खुर्चीवर तीन माणसं बदलली. बिन कार्डावरचे, म्हणजे साठ्याच्या नोंदीचे, आकडे मात्र तसेच, डोंगर-दरी, डोंगर-दरी. तिसरा माणूस मी. माझ्या मेमोतला शब्दही ‘हलगर्जीपणा’च होता, म्हणून तुमचा जरा जास्त लागला, हे कबूल.

बिअर गेममध्ये तरी दुसरं काय होतं? गिऱ्हाइकाची मागणी आठवड्याला ४ पेट्यांवरून एकदाच ८ वर जाते आणि तिथेच थांबते. तरी मागे घाऊक व्यापारी, वितरक, कारखाना असं सरकत जावं तशी ऑर्डर फुगत जाते, कारण ऑर्डर दिलेला पण अजून न आलेला माल कोणी मोजत नाही. खेळणारे एमबीएवाले असोत की मोठे मॅनेजर, खेळ संपला की सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. तुमच्यासारखेच.

खऱ्या कारखान्यातही हेच. जनरल इलेक्ट्रिकच्या अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या कारखान्यांत कधी तीन-चार पाळ्या चालायच्या, तर काही वर्षांनी निम्मे कामगार घरी. दोष बाजारातल्या तेजी-मंदीला दिला जायचा. एमआयटीचे प्राध्यापक जे फॉरेस्टर यांनी वहीत पेन्सिलीने हिशेब मांडला आणि दाखवलं, की बाहेरची मागणी स्थिर धरली तरी कंपनीचे स्वतःचे भरतीचे आणि साठ्याचे नियमच हा झोका निर्माण करतात. वहीत, साहेब. एसीत की कसं, ते त्यांनाच ठाऊक.

छोट्या कारखान्यात हे सगळं मोजायला माणूस कुठून आणायचा, हा तुमचा प्रश्न मोठा आहे. त्यावर पुन्हा कधीतरी.

आणि आमच्या स्टोअरला पंखा होता. तोही तीनवरच फिरायचा.