वटवाघळाची लेंडी आणि गंधक

रविवारी दुपारी आमच्याकडे डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन फाशांच्या जोरावर गोष्ट पुढे न्यायच्या खेळाचा, डाव बसतो. त्यात मी विझर्ड, मंत्र टाकणारा जादूगार. म्हणजे बाकीचे खेळतात आणि मी वाचतो.

बार्बेरियनची, म्हणजे रानटी योद्ध्याची, पाळी आली की तो गडी म्हणतो, "मी चिडतो आणि कुऱ्हाड घालतो." वीस पैलूंचा फासा टाकला, विषय संपला. माझी पाळी आली की कोणीतरी चहा टाकायला उठतं. मंत्राचा पल्ला किती, तोंडाने म्हणायचाय की हातवारेही हवेत, आधीचा मंत्र टिकवायला एकाग्रता लागते का, आणि शेवटी सामान काय.

सामान हे प्रकरण भयंकर आहे. आईच्या सत्यनारायणाच्या यादीत सुपाऱ्या, खारका, विड्याची पानं असतात. माझ्या यादीत घुबडाचं पीस, 100 सुवर्णमुद्रांचा मोती, रातकिडा. आगीचा गोळा टाकणाऱ्या फायरबॉलसाठी तर वटवाघळाची लेंडी आणि गंधक यांची गोळी! पंचवीस मुद्रांची पिशवी विकत घेतली की किरकोळ जिन्नस आत आहेत असं धरतात, हे खरं. पण मोती वेगळा घ्यावा लागतो. तिथे उधारी नाही.

यादी लिहिणारे लोक मात्र खट्याळ होते. विजेचा लोळ सोडायला केसाळ कातडं आणि काचेची कांडी लागते, म्हणजे शाळेत घासून कागदाचे कपटे उचलायचो तोच प्रयोग. कुठलीही भाषा कळावी म्हणून झिगुराटची, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांच्या प्राचीन मनोऱ्याची, मातीची प्रतिकृती, अर्थात बायबलातला बाबेलचा मनोरा, जिथे माणसांच्या भाषा वेगळ्या झाल्या. 1974 साली डेव्ह आर्नेसनबरोबर हा खेळ काढणाऱ्या गॅरी गायगॅक्सने घरच्यांना आणि दोस्तांनाही मंत्रांत बसवलं. टेन्सर म्हणजे त्याच्या अर्नेस्ट नावाच्या मुलाची अक्षरं हलवून केलेला जादूगार, आणि ड्रॉमिज म्हणजे इंग्रजीत उलटा लिहिलेला जिम वॉर्ड. आणि आम्ही ही नावं वेदोक्त असल्यासारखी गंभीर चेहऱ्याने उच्चारतो.

जुन्या नियमांत मंत्र एकदा म्हटला की डोक्यातून पुसलाच जायचा. ही कल्पना जॅक व्हान्स या लेखकाच्या कथांमधली. आता मंत्र लक्षात राहतो, फक्त स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायची एक संधी, संपतो. पाचव्या लेव्हलला फायरबॉलच्या तोलाचे स्लॉट दोन. ते पुन्हा भरायला रात्रभर झोपायचं. म्हणून मी ते पेन्शनसारखे जपतो, आणि चार गॉब्लिन, म्हणजे खुजे राक्षस, एका जागी दाटीने उभे राहायची वाट बघतो.

गेल्या रविवारी ते राहिले. वीस फूट त्रिज्या, म्हणजे पटावर आठ चौकोनांचा व्यास. मी पेन्सिलीने वर्तुळ आखलं. गॉब्लिन सगळे आत, आपली माणसं सगळी बाहेर. इतकी देखणी भूमिती मला दहावीलाही जमली नव्हती. फक्त माझ्याआधी एक पाळी होती.

"मी चिडतो," बार्बेरियन म्हणाला, आणि आपली सोंगटी उचलून वर्तुळाच्या मधोमध ठेवली.

"अरे, मी तिथे आग टाकणार होतो!"

"मग टाक की. मला काय होतंय?"

"थांबा भाऊजी," क्लेरिक, म्हणजे पुजारीण, खेळणारी वहिनी चहाचा कप ठेवत म्हणाली, "माझ्याकडे बरं करायचा एकच स्लॉट उरलाय, आणि तो मी ह्यांच्यावर वाया घालवणार नाही."

खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरने माझ्याकडे पाहिलं. बार्बेरियनने पाहिलं. गॉब्लिनांनीही पाहिलं असावं.

मी फायरबॉलचे आठही फासे ओंजळीत घेतले.