केचक हजारो वर्षांचं नाही

बालीतलं 'केचक' हे हजारो वर्षांपूर्वीचं रामायण-नृत्य असून युनेस्कोच्या यादीत आहे, असा मजकूर फिरतोय. दोन्ही गोष्टी चूक. 'चक-चक' हा पुरुषांचा घोष मूळचा संघ्यांग या अंगात येण्याच्या विधीतला. त्याला रामकथेची जोड मिळाली १९३०च्या दशकात. नर्तक वायान लिंबाक आणि जर्मन चित्रकार वॉल्टर स्पीस यांच्या हातून, पर्यटकांसाठी. (म्हणून हे नृत्य नकली ठरत नाही, बरं का!)

युनेस्कोनं २०१५मध्ये नोंदवले ते बालीचे तीन नृत्यप्रकार: वली (पवित्र), बेबाली (अर्धपवित्र), बलिह-बलिहान (करमणुकीचे). त्यांतल्या नऊ नृत्यांत संघ्यांग देदारी, लेगोंग आहेत, केचक नाही.