रोज कपभर पाणी घालून झाडं जगत नाहीत

‘घरातली झाडं कधीच मरणार नाहीत’ अशा मथळ्याचा एक मेसेज सगळीकडे फिरतो आहे. त्यातले चार नियम असे: प्रत्येक कुंडीला रोज सकाळी कपभर पाणी घाला, पान पिवळं पडलं की पाणी वाढवा, कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर द्या, दिवसातून दोनदा पानांवर फवारा मारा. लोक मनापासून हे करतात आणि मनापासून जपलेली झाडं गमावतात. म्हणून एकेक नियम नीट तपासू या.

‘रोज सकाळी कपभर पाणी’

कुठल्या झाडाला? स्नेक प्लांट जाड पानांत पाणी साठवून ठेवतो, झीझी प्लांट मातीखालच्या गड्ड्यांत. त्यांना रोजचं पाणी म्हणजे सरळ मुळकूज. पीस लिली मात्र तहानली की तिची सगळी पानं खाली झुकतात आणि पाणी मिळालं की काही तासांत ती पुन्हा उभी राहते. बरं, मनी प्लांटच घ्या. खिडकीशी ठेवला तर भरपूर पाणी पितो, अंधाऱ्या कोपऱ्यात नेला की त्याचा खप एकदम उतरतो. पाण्याची भूक उजेडावर ठरते. भाजलेल्या मातीची कुंडी अंगातूनही ओल सोडते, प्लास्टिकची सोडत नाही. एवढं सगळं बदलत असताना माप मात्र एकच?

‘पान पिवळं पडलं म्हणजे पाणी कमी पडलं’

सगळ्यात जास्त झाडं या वाक्याने मारली आहेत.

मुळं श्वास घेतात. मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा असते, तिथून त्यांना ऑक्सिजन मिळतो. माती सतत चिंब राहिली की त्या पोकळ्या पाण्याने भरतात, आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट हळू सरकतो. मुळं गुदमरतात आणि गुदमरलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. म्हणजे भोवती पाणीच पाणी असूनही पानं तहानलेली. ती मलूल होतात, पिवळी पडतात, आणि आपण मेसेजप्रमाणे आणखी पाणी ओततो. पिथियम, फायटॉप्थोरा असे मुळं कुजवणारे जीव अशाच चिखलात माजतात.

फरक ओळखायला फार काही लागत नाही. पानं मलूल, कडा कुरकुरीत आणि कुंडी उचलल्यावर हलकी लागली तर तहान. पानं मलूल आणि माती ओलीच असेल तर मुळं संकटात आहेत. शंका असेल तर झाड अलगद बाहेर काढून बघा. निरोगी मूळ बहुतेक झाडांत पांढरट आणि टणक असतं. कुजलेलं तपकिरी, बुळबुळीत; चिमटीत धरून ओढलं की साल हातात येते आणि आत दोऱ्यासारखी शीर उरते. अशी मुळं कापून टाका, झाड ताज्या भुसभुशीत मातीत आणि उरलेल्या मुळांना पुरेल एवढ्याच कुंडीत लावा. आणि बुंध्यालगतचं जुनं एखादंच पान पिवळं होत असेल तर काहीच करू नका, त्याचं वय झालं आहे.

‘तळाशी खडे घातले की निचरा चांगला होतो’

पटण्यासारखं वाटतं, पण होतं उलटच. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खड्यांमध्ये सहज उतरत नाही. वरची माती पुरती भिजेपर्यंत ते तिथेच अडून राहतं. प्रत्येक कुंडीत मातीच्या अगदी खालच्या भागात असा चिंब पट्टा राहतोच. खडे घातले की तो पट्टा मुळांच्या आणखी जवळ, वर सरकतो.

घरीच करून बघा. स्पंज पूर्ण भिजवून आडवा धरा, ठिबकणं थांबू द्या. मग तोच स्पंज उभा करा: आणखी पाणी गळेल. उंची वाढली की निचरा वाढतो, आणि खडे तर मातीची उंचीच कमी करतात. निचरा हवा असेल तर कुंडीला भोकं हवीत आणि मातीतच परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे कण) किंवा जाडसर कोकोचिप्स (नारळाच्या सालीचे तुकडे) मिसळायला हव्यात.

‘दोनदा फवारा’

फवाऱ्याने वाढलेली आर्द्रता काही मिनिटांत विरते. पानं मात्र ओली राहतात आणि त्यावर ठिपक्यांचे रोग वाढायला जागा मिळते. त्यापेक्षा ओल्या फडक्याने पानं पुसा. धूळ जाते, उजेड पोचतो आणि पानामागची कोळी किडीची बारीक जाळीही वेळेत दिसते.

मग पाणी कधी घालायचं? बोट दोन पेरं मातीत घाला. मातीत मिसळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वरून कोरडं दिसतं आणि आत ओलं असतं, त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नका. पानांसाठी लावलेल्या बहुतेक झाडांना तेवढं कोरडं झाल्यावरच द्या, स्नेक आणि झीझीला पूर्ण कोरडं झाल्यावर. द्याल तेव्हा मात्र कपाचा हिशोब सोडा. तळातून गळेपर्यंत घाला आणि बशीत साचलेलं पाणी ओतून टाका. माती अगदीच वाळून कुंडीच्या कडेपासून सुटली असेल, तर वरून घातलेलं पाणी कडेनेच निघून जातं. अशा वेळी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात बसवा आणि मग निथळू द्या.