पासवर्ड बरोबर असला म्हणून माणूस खरा ठरत नाही

सध्या व्हॉट्सअॅपच्या गटांवर एक मजकूर फिरतोय. लॉगिन करताना सिग्नल नाहीतर झेब्रा क्रॉसिंगची चित्रं ओळखायला लावणारा कॅप्चा म्हणजे निव्वळ छळ, असं त्यात म्हटलंय. पासवर्ड बरोबर टाकला की माणूस खरा, तीनदा चुकला तर खातं बंद होतंच, बॉट, म्हणजे माणसासारखं वागणारे आपोआप चालणारे प्रोग्राम, कॅप्चा सोडवतातच आणि कंपन्या आपल्याकडून फुकट काम करून घेतात, हे त्याचे मुद्दे. शेवटी सल्ला असा, की कॅप्चा आपोआप सोडवणारं एक्स्टेंशन, म्हणजे छोटा जोडप्रोग्राम, ब्राउझरमध्ये टाका. घाईच्या वेळी मलाही त्या चित्रांचा वैताग येतो. पण यातला पहिलाच मुद्दा लोकांचं नुकसान करणारा आहे.

चोराला आपला पासवर्ड ओळखत बसावं लागत नाही, तो बऱ्याचदा त्याच्याकडे आधीच असतो. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीचे ३ कोटी २० लाख पासवर्ड फुटले, तेही जसेच्या तसे साठवलेले. अशा याद्या एकत्र करून ईमेल आणि पासवर्डची प्रत्येक जोडी दुसऱ्या साइटवर लावून बघायची, हे काम बॉट करतो. आपण एकच पासवर्ड चार ठिकाणी वापरतो, तिथेच त्याचं फावतं. २०२३ मध्ये डीएनए तपासणाऱ्या 'ट्वेंटीथ्रीअँडमी' या अमेरिकन कंपनीत हेच झालं. दुसरीकडून फुटलेले पासवर्ड वापरून चोरांनी सुमारे १४,००० खाती उघडली आणि नातेवाईक शोधून देणाऱ्या सोयीतून तब्बल ६९ लाख लोकांच्या माहितीपर्यंत ते पोहोचले. त्या १४,००० खात्यांचे पासवर्ड अगदी बरोबर होते!

तीन प्रयत्नांच्या मर्यादेचा इथे उपयोग होत नाही. बॉट एका खात्यावर एकदाच प्रयत्न करतो आणि पुढच्या खात्याकडे जातो, तोही दर वेळी वेगळ्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या वेगळ्या ठिकाणाहून आल्यासारखा. शिवाय नुसत्या या मर्यादेवर विसंबलं, तर आपला युजर आयडी माहीत असलेला कोणीही तीनदा चुकीचा पासवर्ड टाकून आपलंच खातं बंद पाडू शकतो, अगदी आयकर रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशीसुद्धा.

बॉट कॅप्चा सोडवतात, हे अर्धं खरं आहे. वेडीवाकडी अक्षरं आपली यंत्रणा ९९.८ टक्के अचूक वाचते, असं गूगलनेच २०१४ मध्ये सांगितलं आणि त्याच वर्षी 'मी रोबोट नाही'ची चौकट आणली. पैसे घेऊन माणसांकरवी कॅप्चा सोडवून देणारे धंदेही आहेत. पण दहा लाख जोड्या तपासायच्या, त्यातल्या बहुतेक निकामी, आणि प्रत्येकीमागे थोडे पैसे, थोडा वेळ. चोराचा हिशेब तिथे बिघडतो. कॅप्चाचं काम तेवढंच. ओटीपीची जागा तो घेत नाही.

फुकट कामाचा आरोप हवेतला नाही. २००७ साली आलेल्या रीकॅप्चा या कॅप्चाच्या प्रकारातून जुनी पुस्तकं आणि न्यूयॉर्क टाइम्सचे जुने अंक लोकांकडून वाचून घेतले गेले; २००९ मध्ये गूगलने ते विकत घेतल्यावर स्ट्रीट व्ह्यूमधले, म्हणजे गूगलच्या नकाशातल्या रस्त्यांच्या फोटोंमधले, घरांचे नंबरसुद्धा. पण कॅप्चा त्यासाठी जन्मला नाही. २००० च्या सुमारास बॉट याहूवर फुकट ईमेल खाती ढिगाने काढत होते, त्यावर कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी शोधलेला तो उपाय होता.

रागवायचंच असेल, तर चित्रांच्या कोड्याला आवाजाचा पर्याय न देणाऱ्या साइटवर रागवा. दृष्टिहीन माणूस तिथे पासवर्ड माहीत असूनही दाराबाहेर राहतो. त्या मजकुरात याबद्दल एक अक्षर नाही.

आणि ते एक्स्टेंशन? असं एक्स्टेंशन बहुधा प्रत्येक साइटवरचा मजकूर वाचायची आणि बदलायची परवानगी मागतं. त्यात आपल्या बँकेचं पानही आलं. ज्यांनी ते टाकलं असेल, त्यांनी आजच काढून टाका आणि त्यानंतर पासवर्ड बदला.