‘लाइनमनला कायदा शिकवू नका’ : सडेतोड यांच्या कॉमेंटला उत्तर

वीज तोडण्याआधीच्या नोटिशीबद्दल मागे लिहिलं होतं, त्यावर ‘सडेतोड’ या नावाने एक लांबलचक कॉमेंट आलीये. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लेख एकतर्फी आहे, असल्या लिखाणामुळे थकबाकीदार शेफारतात आणि भुर्दंड वेळेवर बिल भरणाऱ्यांना पडतो, वीजचोरीत नोटीस लागत नाही हे मी मुद्दाम लपवलं, तपासणीला आलेल्या माणसाला दारातच अडवा असं मी शिकवतो, आणि सगळ्यात शेवटी हे वाक्य: "एसीत बसून लाइनमनला कायदा शिकवू नका, शिव्या आणि मार त्याला खावा लागतो."

खरं तर सोडून देणार होतो. पण हे शेवटचं वाक्य काही सुटेना.

सडेतोड साहेब, तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, मग मी कुठे बसून लिहितो हे तुम्हाला कुणी सांगितलं? माझे वडील वीज खात्यात वायरमन होते. आयुष्यभर. वसुलीचे दिवस आले की संध्याकाळी त्यांच्या खाकी पिशवीतून आमच्या ओट्यावर किटकॅट फ्यूज (चिनी मातीचे, ते काढून आणले की त्या घरची वीज बंद) बाहेर पडायचे, प्रत्येकाला ग्राहक क्रमांकाची चिठ्ठी रबराने गुंडाळलेली. ज्याचं बिल भरलं गेलं त्याचा फ्यूज दुसऱ्या दिवशी परत जाऊन लावायचा, म्हणून त्या चिठ्ठ्या हरवू नयेत यावर वडिलांचं आमच्यापेक्षा जास्त लक्ष असायचं. आम्ही भावंडं त्या फ्यूजला हात लावला तरी ओरडा बसायचा. तेव्हा लाइनमन म्हणजे काय हे मला कॉमेंटमधून कळायची गरज नाही, माफ करा.

आणि मार म्हणताय ना, तर तेही ऐका. एका वाड्यात वडील शिडीवर असताना खालून शिडी ओढली होती. का, तर त्या घरात नोटीस पोचलीच नव्हती, थेट माणूस आला फ्यूज काढायला. नोटीस पाठवायचं काम वडिलांचं नव्हतं, ते ऑफिसात टेबलावर बसणाऱ्याचं, पण टेबलावरच्याची शिडी कोण ओढणार? घरी आल्यावर वडील त्या वाड्यातल्या माणसाला एक शब्द बोलले नाहीत, जे काय बोलले ते टेबलाबद्दल बोलले आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही. म्हणजे तुम्ही ज्याचा कळवळा आलाय म्हणून मला झापताय तो माणूस नोटिशीच्या बाजूचा होता हो! कागद आधी गेला असेल तर दारात भांडण होत नाही, झालं तरी त्याच्या हातात दाखवायला पोच असते. लाइनमनला कायदा शिकवा असं मी लिहिलेलंच नाही, तो त्याला येतो. मी लिहिलं ते त्याला वरून यादी हातात देऊन पाठवणाऱ्यांसाठी.

बरं, वडिलांच्या वेळी जुना 1910 चा कायदा होता, त्यात सात दिवसांची लेखी नोटीस होती. म्हणजे नोटीस हे काही माझ्यासारख्या लिहिणाऱ्यांनी काढलेलं खूळ नाही, इंग्रजांच्या काळापासून आहे. 2003 च्या विद्युत कायद्यात कलम 56 मध्ये त्याचे 15 दिवस झाले, तेही पूर्ण 15 दिवस, नोटीस मिळाल्याचा आणि कापायचा दिवस न धरता. आता तुम्ही म्हणता की हे थकबाकीदारांचे लाड आहेत. अहो, त्याच कलमात पुढे काय लिहिलंय ते वाचलंत का? बिल मान्य नसेल तर ग्राहक हरकत नोंदवून पैसे भरू शकतो, एकतर मागितलेली सगळी रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या बिलांच्या सरासरीने दरमहा जेवढी होते तेवढी, यातलं जे कमी असेल ते. तेवढं भरलं की वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. आता मला सांगा, नोटीसच आली नाही आणि सकाळी थेट माणूस पोलवर चढला तर ही हरकत नोंदवायची कधी? अंधारात? पंधरा दिवस त्यासाठी आहेत. बुडवणाऱ्याला पळायला वेळ मिळावा म्हणून नाहीत, चुकीचं बिल पकडता यावं म्हणून आहेत.

चुकीचं बिल म्हणजे कसं तेही सांगतो, कारण तुमच्या कॉमेंटमध्ये थकबाकीदार म्हणजे फुकटा असं सरळ समीकरण आहे. आमच्या नात्यातल्या एक काकू एकट्या राहतात. मीटरचा डिस्प्ले गेला. मग बिलावर मागील रीडिंग आणि चालू रीडिंग एकच आकडा, आणि खाली सरासरी युनिट लावलेले. काकू बिचाऱ्या दर महिन्याला ते सरासरीचं बिल वेळेवर भरत होत्या, पावत्या पंचांगात ठेवत होत्या. मग मीटर बदलला आणि फरकाची रक्कम म्हणून एकदम एवढं मोठं बिल की त्यांनी आधी आपला चष्मा पुसला. (कुठलं ऑफिस ते लिहीत नाही, उगाच तो वाद नको.) कागदोपत्री त्या दिवसापासून काकू थकबाकीदार! नोटीस आली होती म्हणून अर्ज करता आला, वर ‘हरकतीसह भरणा’ असं मोठ्या अक्षरात लिहिलं, सरासरीने पैसे भरले, इनवर्डचा शिक्का घेतला आणि प्रकरण ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे नेलं. तिथे जमलं नसतं तर पुढे विद्युत लोकपाल आहेतच, मुंबईला आणि नागपूरला. काकूंची वीज एक दिवस गेली नाही. आता या बाईला तुम्ही फुकटी म्हणणार का? म्हणा, माझी हरकत आहे एवढंच.

बाकीचे मुद्दे पटकन.

वीजचोरीबद्दल एक वाक्य लेखात हवं होतं, मान्य. कलम 135 मध्ये चोरी सापडली तर ताबडतोब वीज तोडता येते, पंधरा दिवस वगैरे काही नाही. पण लपवलं हा शब्द मागे घ्या, लेख थकबाकीचा होता. आणि तुम्ही तरी पूर्ण कुठे सांगितलंत? तोडल्यापासून 24 तासांत पोलिसात लेखी तक्रार द्यावी लागते, आणि आकारलेली रक्कम भरली की 48 तासांत वीज परत जोडून द्यावी लागते. घरगुती जागेत सूर्यास्तानंतर सूर्योदयापर्यंत झडती घ्यायची तर घरातला सज्ञान पुरुष हजर पाहिजे. पुरुषच का, हे 2003 साली कायदा लिहिणाऱ्यांना विचारा, काकूंनी काय करायचं मग.

तपासणीला आलेल्याला दारात अडवा असं मी कुठे लिहिलंय ते दाखवा. दाखवाच. मी लिहिलं होतं की ओळखपत्र विचारा आणि कशासाठी आलात ते विचारा. कलम 163 प्रमाणे वाजवी वेळी, घरात राहणाऱ्याला सांगून, मीटर तपासायला येण्याचा त्यांना अधिकार आहे, आणि आपण आत घेतलं नाही तर लेखी नोटीस देऊन 24 तासांनी वीज तोडायचाही अधिकार आहे. हे लेखात आहे, तिसऱ्या परिच्छेदात आहे. लेख न वाचता कॉमेंट करायची तर निदान इतकी लांब करू नये.

प्रामाणिक ग्राहकांवर भार पडतो हा मुद्दा मोठा आहे, त्यावर इथे बोलत नाही.

एकतर्फी म्हणाल तर हो, ग्राहकाच्या बाजूने आहे. दुसऱ्या बाजूकडे वकील आहेत, माझी गरज नाही.

आणि एक, तुमची कॉमेंट मी उडवलेली नाही, तशीच आहे. फक्त त्यातला माझ्या जातीवरून केलेला अर्धा टोमणा काढला, तो परत टाकलात तर परत काढीन.

ज्या दोघातिघांनी अर्जाचा नमुना मागितलाय त्यांच्यासाठी: ग्राहक क्रमांक, बिलाची तारीख, कुठली रक्कम मान्य नाही आणि का, मागच्या सहा महिन्यांच्या पावत्यांच्या झेरॉक्स, आणि ‘कलम 56 नुसार हरकतीसह भरणा’ ही ओळ. दोन प्रती काढा, एकीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. साहेब जेवायला गेलेत असं सांगितलं तर तिथेच थांबा, परत येतात.