ओल बुजवायची की तिला वाट करून द्यायची?

विषय निघाला तो पाच मीटर उंचीच्या एका खासगी तळ्याच्या मातीच्या भरावाचा. कोरड्या बाजूला, पायथ्यापासून हातभर वर, कायम ओल. भर उन्हाळ्यातही तेवढ्याच पट्ट्यात लव्हाळा हिरवागार. काय करायचं?

बाळूचं उत्तर तयार होतं. "चिकणमातीचा जाड लेप द्या, वरून काँक्रीट ओता. विषय संपला."

"लेपाच्या मागे पाणी साचत जाईल त्याचं काय?" दिगंबर म्हणाला. "आत्ता ते इथून निघतंय. वाट बंद केलीस की भरावाच्या पोटातली पाण्याची पातळी वर चढेल. मग ते मीटरभर वरून फुटेल, नाहीतर भिजून जड झालेला उतारच घसरून खाली येईल. मातीचा बांध पाझरतोच. पाणी जाताना माती घेऊन जातंय का, एवढंच बघायचं."

"आणि ते कसं कळणार?"

"काचेच्या बरणीत पाणी भर, तासभर ठेव. तळाला गाळ बसला तर आतून पोखरण सुरू झालीय."

शकीलनं इथं टेटन धरणाचं उदाहरण काढलं. अमेरिकेतलं आयडाहो राज्य, ५ जून १९७६, धरण पहिल्यांदाच भरत होतं. सकाळी गढूळ पाण्याचा झरा दिसला आणि दुपारचे बारा वाजायच्या आत धरण फुटलं. "ते नव्वद मीटरांहून उंच होतं. आपल्या पाच मीटरला किती वेळ मिळेल ते तूच सांग."

मग उपाय? ओल्या जागेवरची झुडपं आणि सैल माती हलक्या हातानं काढायची. खोल खणायचं नाही, विशेषतः तळं भरलेलं असताना. त्यावर ३० सेंटीमीटर स्वच्छ जाडी वाळू, तिच्यावर तेवढीच बारीक खडी, मग मोठी खडी, शेवटी दगड. वाळू माती अडवते, खडी वाळू अडवते, दगडांचं वजन सगळ्याला दाबून धरतं आणि पाणी गाळून बाहेर पडतं. बाळू म्हणाला, "थेट दगडच टाकू, काम लवकर होईल." नेमकं हेच चुकतं. दगडांच्या फटींतून माती निघून जाते आणि वरून ढीग मात्र मजबूत दिसत राहतो.

वाळूवरून पुन्हा जुंपली. धुतलेली हवी की नुसती चाळलेली चालेल? सुनंदानं सोपी परीक्षा सांगितली: ओलसर वाळू छोट्या डब्यात दाबून भरायची, पाण्याच्या बादलीत तिचा किल्ला उपडा करायचा. लगेच ढासळला तर वाळू चांगली. तसाच उभा राहिला तर तिच्यात चिकण अंश आहे. अशा वाळूला तडा गेला की तो मिटत नाही, आणि पाणी त्याच तड्यातून वाट काढतं.

पायथ्याजवळ सपाट जमिनीवर पाणी उकळ्या मारत वाळू वर फेकत असेल, तर त्याभोवती वाळूच्या पोत्यांचं गोल कडं रचायचं. कड्यात पाणी चढेल तसा खालचा जोर कमी होतो. पाणी नितळ होईपर्यंतच कडं उंच करायचं, तोंड बंद करायचं नाही.

"सगळे ओलीच्या मागे लागलात," शकील म्हणाला. "सांडवा बघितला का कुणी?" त्या तळ्याच्या सांडव्यावर फळ्या लावून पातळी अर्धा मीटर वाढवली होती. बाळूला त्यात गैर काही दिसेना, पाणी जास्त साठतं ना! पण तो अर्धा मीटर माथ्याखालच्या मोकळ्या जागेतून उसना घेतलेला असतो. एक मीटर राखलेली असेल तर उरली निम्मी, आणि पूर नेमका रात्री आला तर फळ्या काढायला कोण जाणार? हवाई बेटांतल्या काउआईवरचं का लोको हे असंच खासगी मातीचं धरण, १४ मार्च २००६ ला फुटलं, सात माणसं गेली. चौकशी अहवालानं बोट ठेवलं ते सांडवा नसण्यावर, तो बुजवला गेला असण्याच्या शक्यतेवर.

माथाही सपाट लागतो. भराव वर्षानुवर्षं खचतो, बहुधा मधोमध, जिथं तो सगळ्यात उंच असतो. वीतभर खड्डा असला तरी पूर सगळा तिथूनच उसळतो. गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन दर दहा मीटरवर पातळी मोजली की खोलगट भाग सापडतो.

झाडांवर फार वाद झाला नाही. झुडपं वेळीच काढायची. मोठं झाड कापून बुंधा तसाच ठेवला तर मुळं कुजतात आणि पाण्याला आयत्या नळ्या मिळतात. ते काढायचं तर आधी पाणी उतरवून, मुळासकट. खड्डा १५-१५ सेंटीमीटरच्या थरांनी, ओलावा राखून, ठोकून भरायचा. खेकड्यांवर खापर फोडणारे पुष्कळ असतात. बिळं बुजवायचीच, पण धरण फुटल्यावर खेकड्याला उलटतपासणीला बोलावता येत नाही, एवढीच त्याची सोय.

बाळूची शेवटची शंका रास्त होती: पाणी उतरवायचं म्हणता, पण तळाचा व्हॉल्व गंजून बसलाय. तो जोर लावून फिरवू नये, दांडा तुटला तर अर्धवट उघडा राहील. माथ्यावरून वक्रनळी, म्हणजे सायफन, टाकायची. एक हेक्टर पसाऱ्याचं पाणी एक मीटर उतरवायचं म्हणजे दहा हजार घनमीटर. सेकंदाला ३० लिटर ओढणाऱ्या नळीला त्यासाठी जवळजवळ चार दिवस लागतात, आणि तेच बरं. दिवसाला ३० सेंटीमीटरहून जास्त वेगानं पाणी उतरलं तर आतल्या बाजूचा ओला उतार आधार सुटून घसरू शकतो. नळीचं बाहेरचं तोंड पायथ्यापासून लांब, दगडांवर सोडायचं.

तोवर पाझर मोजत राहायचं. पायथ्याच्या चरात पत्र्यात कापलेली ९० अंशांची, इंग्रजी V सारखी खाच बसवायची. खाचेच्या खालच्या टोकावर पाच सेंटीमीटर पाणी म्हणजे सेकंदाला पाऊण लिटर; दहा सेंटीमीटर झालं तर दुप्पट नाही, साडेपाच पटींहून जास्त. आकड्याशेजारी तळ्याची पातळी आणि पाऊस लिहायचा. पातळी तीच, पाऊस नाही आणि आकडा वाढला, तर खालच्या वस्तीला त्याच दिवशी कळवायचं. बाळू म्हणाला, खाच मी कापून देतो.