केसिंगचा क्रॅक ‘मोठा केला’ या तक्रारीबद्दल

नमस्कार सर. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत, की तुमच्या वाफेच्या टर्बाइनच्या केसिंगचा, म्हणजे बाहेरच्या कवचाचा, बोटभर क्रॅक आम्ही ग्राइंडर मारून वीतभर केला, दोन दिवसांच्या वेल्डिंगला दोन आठवडे लावले आणि बिलही वाढवलं. रबाळे एमआयडीसीत आमची शेड शोधत येणारेही हे वाचतात, म्हणून उत्तर इथेच.

क्रॅक वाढवला नाही, होता तेवढा उघडला. वाफ आत शिरते त्या कोपऱ्यात जाडी एकदम बदलते. टर्बाइन चालू करताना आतली बाजू आधी तापते, बाहेरची मागून. वर्षानुवर्षं चालू-बंद झालं की तिथेच चीर पडते आणि पृष्ठभागावर दिसते त्यापेक्षा आत बरीच पसरलेली असते. डीपी टेस्टला (चिरेत लाल रंग मुरवायचा, वर पांढरा डेव्हलपर मारायचा, की चीर दिसते) तुमचे फोरमन समोर होते. ग्राइंडिंग थांबवलं की पांढऱ्या डेव्हलपरवर लाल रेघ पुन्हा उमटायची, आणि ती पुढे कुठवर गेली हे त्यांनीच बोट ठेवून दाखवलं. ती रेघ संपेपर्यंत धातू काढावाच लागतो. ‘अंतिम दर क्रॅक उघडल्यावर’ हे कोटेशनमध्ये आहे आणि वाढीव रकमेला तुमच्याच ऑफिसने मेलवर होकार दिलाय.

आता वेळेचं. हे क्रोम-मॉली-व्हॅनेडियमचं ओतीव पोलाद आहे, सोसायटीचं गेट नव्हे. थंड जॉबवर आर्क मारला तर वेल्डच्या कडेचा धातू कडक आणि ठिसूळ होतो. त्यात इलेक्ट्रोड दमट असला तर हायड्रोजन शिरतो आणि आज चांगला दिसणारा वेल्ड उद्या तडकतो. म्हणून इलेक्ट्रोड ओव्हनमध्ये भाजून घेतले, केसिंग 250 अंशांच्या आसपास तापतं ठेवलं, शेवटी 700 अंशांच्या जवळ स्ट्रेस रिलीव्हिंग केलं, म्हणजे तापवून वेल्डमधला ताण काढला. तापमान चढवताना-उतरवताना घाई केली की पार्टिंग फेस (केसिंगचे दोन भाग जुळतात ती सपाट बाजू) वाकतो आणि जॉइंटमधून वाफ गळते. बहुतेक दिवस यातच गेले. प्रत्यक्ष वेल्डिंग त्यामानाने थोडं.

दोन दिवसांत करून देणारे निकेल इलेक्ट्रोड वापरून शेवटचं स्ट्रेस रिलीव्हिंग टाळत असावेत. ऐन गाळपात प्लँट अडला तर तो मार्ग मीही सुचवतो. पण कडेचा कडक पट्टा तसाच राहतो आणि त्या वेल्डची अल्ट्रासॉनिक तपासणी नीट होत नाही. तुमच्याकडे तर ऑफ-सीझन होता!

आयुष्यभराची गॅरंटी मात्र देणार नाही. वेल्ड आमचा, बाकीचं केसिंग जुनंच. टेंपरेचर चार्ट आणि हार्डनेस रिपोर्टची प्रत आमच्या ऑफिसात काढून ठेवलीय. गाळप संपून टर्बाइन उघडाल तेव्हा कळवा. त्या कोपऱ्याची डीपी करायला माणूस पाठवतो, पैसे घेणार नाही.